कोळंबीवर संसार चालवणाऱ्या बाईलाच कोळंबीची ॲलर्जी. आता काय करू?

तिरफळ | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, त्यामुळे काही जण ओळखत असाल. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माहेर शिरोडा, सासर वेंगुर्ला, राहणं डोंबिवली. वय ४३. गेली ११ वर्षं घरून मालवणी जेवणाचे डबे देते. रोजचे २२, आणि बुधवार-शुक्रवार-रविवार मासळीचे ३५ पर्यंत जातात. कोळंबीचं सुकं, कोळंबीभात, जवळ्याची चटणी, सोडे घालून वांगं ही माझी खासियत. घराचे निम्मे हप्ते कोळंबीने फेडले म्हणा ना.

मागच्या महिन्यातली गोष्ट. अनंत चतुर्दशी झाली, त्यानंतरचा पहिला रविवार. श्रावण आणि गणपती धरून लोकांनी दीड महिना कळ काढलेली, पितृपक्ष पाळणारे थोडे आणि न पाळणारे फार, त्यामुळे ऑर्डरी दणकून. सकाळी सहाला चार किलो कोळंबी आणली, पाटावर बसून सोलली, एकेकीचा काळा दोरा काढला. गुडघा दोन दिवस ठणकत होता म्हणून दीड वाजता, पोटात चहाशिवाय काही नसताना, दुखण्याची गोळी घेतली. डबे गेले. दोनच्या सुमारास भाकरी आणि सुकं घेऊन बसले. सहा-सात कोळंब्या खाल्ल्या असतील.

वीस मिनिटं झाली नसतील, तळहात खाजायला लागले. मग तळपाय. मग कानाच्या पाळ्या तापल्या. पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या, एकेक पुरीएवढी. सासूबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, आणि आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला चोळायला बसल्या. त्यांची चूक नाही, आमच्याकडे सगळ्यांचं पित्त असंच बसतं. पण मग ओठ जाड झाले, पोटात कळ आली, आणि मुलीला हाक मारली तेव्हा आवाज माझा नव्हताच. घोगरा, बंद दारामागून आल्यासारखा. संडासाकडे जायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधार. शेजारच्या मुलाने रिक्षात घातलं. हॉस्पिटलात मांडीत इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगावर उलटलेली, जिवावर बेतणारी ॲलर्जी, बहुतेक कोळंबीमुळे, आता जन्मात खायची नाही.

जन्मात! अहो, मी दात येण्याआधी सुक्या जवळ्याचं बोट चाटलेली बाई. सासूबाईंचं एकच, “आमच्या सात पिढयेत कोणाक सुंगटां बाधूक नाय, तुकाच कशी बाधली?” मलाही तेच विचारायचंय. चाळीस वर्षं खाल्लेलं अन्न एका रविवारी विष कसं होतं? बरं, शुक्रवारी हीच कोळंबी, ह्याच कोळणीची, मी जेवले होते. ढिम्म काही झालं नाही.

बाकी मासे बंद करायचे का? घरी सोडताना फाइलीवर कोणीतरी ‘आयोडीनची ॲलर्जी?’ असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलंय. मग मी मीठ बदलायचं का? एका ओळखीच्या बाईंनी रक्ताची तपासणी सुचवलीये, दोनशेच्या वर पदार्थ एकदम तपासतात म्हणे, नऊ हजार रुपये. करू का?

आणि खरा प्रश्न, जो विचारायला मला तीन आठवडे लागले. खाणार नाही, कबूल. पण शिजवू शकते का? पस्तीस डब्यांतले पंचवीस कोळंबीचे असतात.

———

जुनं_खोड | सोमवार, सकाळी ६:१५

ताई, घाबरू नका. आजकाल डॉक्टर सगळ्यालाच ॲलर्जी म्हणतात. आमच्या लहानपणी हे शब्दही नव्हते. रोज अर्धी कोळंबी खायची, मग एक, मग दोन. शरीराला सवय होते. गारुडी विष पचवतात की नाही?

———

रातपाळी | सोमवार, सकाळी ७:०२

ड्यूटी संपवून घरी निघालो होतो, वरचं वाचलं आणि पुन्हा बसलो. काका, वय आणि मान राखून सांगतो, हे अजिबात करायचं नाही. थोडं थोडं देऊन सवय करण्याची पद्धत आहे, पण ती शेंगदाणे, दूध अशा गोष्टींसाठी, मिलिग्रॅममध्ये मोजून, शेजारी औषध भरून तयार ठेवून करतात. कोळंबीची अर्धी तुकडी भाकरीबरोबर हा प्रयोग ज्यांनी घरी केला त्यांना मी स्ट्रेचरवर भेटतो.

तिरफळताई, मी कॅज्युअल्टीत चौदा वर्षं आहे. तुम्ही लिहिलेलं वर्णन पुस्तकात छापण्यासारखं आहे. कातडी, पोट, घसा आणि रक्तदाब, चारही गोष्टी अर्ध्या तासात. ते पित्त नव्हतं.

सगळ्यात आधी औषधाचं बोलतो, कारण बाकी सगळं सावकाश कळलं तरी चालेल. तुमचा जीव वाचवला तो मांडीतल्या ॲड्रिनलीनने. खाजेच्या गोळ्या खाज घालवतात. बंद होणारा घसा उघडत नाहीत आणि पडलेला रक्तदाब चढवत नाहीत. परदेशी सिनेमात दिसतं ते पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. मिळते ती साधी काचेची कुपी, १ मिली, आत १ मिलिग्रॅम औषध. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला मधोमध, स्नायूत. शिरेत नाही, दंडात नाही. ५ ते १५ मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. लहान मुलांना वजनावर मात्रा असते. हे वाचून लगेच कुपी आणायला धावू नका. तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तुम्ही, मुलगी, रिक्षात घालणारा तो शेजारचा मुलगा, तिघांनी पाणी भरलेल्या सिरिंजने त्यांच्यासमोर सराव करा. ऐन वेळी काचेची कुपी फोडताना हात थरथरतात, माझेही पहिल्या वर्षी थरथरायचे.

दुसरं. तुम्ही उठलात आणि अंधारी आली. त्या वेळी उठायचंच नव्हतं. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, रक्त पायांत साचतं, माणूस ताडकन उभा राहिला की हृदयाकडे परत यायला रक्तच उरत नाही. आडवं व्हायचं, पाय उशीवर. दम लागत असेल तर पाठ टेकून बसा, पण पाय लांबच. चालत जिना उतरायचा नाही, १०८ ला फोन करायचा. आणि बरं वाटलं म्हणून तासाभरात घरी पळायचं नाही, काही जणांना काही तासांनी दुसरी लाट येते. तुम्हाला रात्रभर ठेवलं ते योग्यच केलं.

आयोडीनचं ते प्रश्नचिन्ह मात्र खोडून घ्या. समुद्रातलं आहे म्हणजे आयोडीन, हा आमच्याच लोकांत मुरलेला गैरसमज आहे. ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची असते. मीठ तेच वापरा. उद्या सीटी स्कॅनची वेळ आली आणि कोणी त्या प्रश्नचिन्हावरून आयोडीन असलेला डाय द्यायला कचरलं तर नुकसान तुमचं.

आता मला सांगा, ह्या रविवारच्या आधी कधी काहीच झालं नव्हतं? हाताला? नाकाला? नीट आठवा.

———

तिरफळ | सोमवार, दुपारी ४:२०

डॉक्टर, तुम्ही विचारलंत आणि मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, तुझे हात.”

दोनेक वर्षं झाली, कोळंबी सोलली की बोटांच्या बेचक्यांत खाज यायची, कातडी लाल व्हायची, भेगा पडायच्या. मी भांड्यांचा साबण बदलला. मग परत बदलला. रबरी हातमोजे आणले, पण हातमोज्यात दोरा सापडत नाही, फेकून दिले. कोळंबीच्या डोक्याचा काटा रोज कुठे ना कुठे टोचतोच, त्याचं काय एवढं. आणि जवळा तव्यावर भाजायला घेतला की शिंका. सटासट दहा-बारा. आमचे हे म्हणायचे, जवळ्याची फोडणी बसली की घड्याळ लावून घ्यावं. गेल्या पावसाळ्यात दोनदा छातीत घरघरही झाली होती, मी म्हटलं दमट हवा.

इतकं सगळं लिहिल्यावर मलाच लाज वाटतेय.

———

पेट्रीडिश | सोमवार, रात्री ९:५०

लाज कसली गं, मी आयुष्यभर प्रयोगशाळेत ॲलर्जीच्या चाचण्या केल्या आणि माझ्या सख्ख्या भावाची शिंगाड्याची ॲलर्जी मला सहा वर्षं कळली नाही. उपासालाच का शिंकतो म्हणून चिडवायचो त्याला.

तुझ्या सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देते, तो चांगला प्रश्न आहे.

कोळंबीच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. लांबट, दोरीला पीळ घातल्यासारखं. त्याची खोड अशी की ते उष्णतेला दाद देत नाही. कितीही रटरट शिजव, तळ, वाळव, ते बऱ्यापैकी शाबूत राहतं. हे शोधण्यात आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा मोठा हात आहे. तिथल्या सुब्बा राव यांच्या गटाने आपल्याच किनाऱ्यावरची पांढरी कोळंबी घेतली आणि तिच्यातले न शिजणारे ॲलर्जीकारक घटक वेगळे काढले, हे १९८९ साली. मग १९९३ साली दाखवून दिलं की मुख्य गुन्हेगार हे ट्रोपोमायोसिनच. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज ते आहे. तुझ्या पाटावरची कोळंबी तिथे पोचलेली आहे, एवढं सासूबाईंना सांग.

आता चाळीस वर्षांचं. ॲलर्जी जन्मतःच असते असं नाही. शरीराची आधी ओळख व्हावी लागते, आणि ओळख कुठल्या दारातून झाली ह्याला फार महत्त्व असतं. पोटातून आलेल्या अन्नाशी शरीर साधारण सलोख्याने वागतं. तेच प्रथिन भेगाळलेल्या कातडीतून किंवा वाफेबरोबर फुप्फुसातून आलं की त्याला चोर समजण्याची शक्यता वाढते. तुझ्या बाबतीत शपथेवर सांगता येणार नाही, पण किलोकिलोने सोललेली कोळंबी, काटा टोचलेली बोटं, साबणाने फुटलेली कातडी आणि तव्यावरून उठणारी जवळ्याची धूळ, अकरा वर्षं! खेकडे आणि कोळंबी साफ करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना अशाच रीतीने दमा होतो, हे चांगलं माहीत असलेलं दुखणं आहे. शिवाय कवचवाल्या जलचरांची ॲलर्जी मोठेपणी सुरू होणं नवलाचं नाही, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. लहान मुलांची दुधाची, अंड्याची बहुतेकदा जाते. ही चिवट.

ओळख पटल्यावर शरीर त्या प्रथिनासाठी खास आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ती जाऊन मास्ट पेशींवर बसतात. ह्या पेशी कातडीखाली, आतड्यात, श्वासनलिकेत, म्हणजे बाहेरचं जग जिथे जिथे आपल्याला शिवतं तिथे पहारा देत असतात, पोटात हिस्टामिनची पोतडी घेऊन. पुढच्या वेळी कोळंबीचा रेणू आला, शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटला, की पोतडी उलटी. हिस्टामिन आणि त्याचे साथीदार बाहेर. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, त्या तुझ्या पुरीएवढ्या गांधी. आतडं आवळतं, ती कळ. घशाला सूज, तो दारामागचा आवाज.

हे रक्तातून एका माणसातून दुसऱ्यात नेता येतं, हे कसं कळलं ते ऐक, मला हा किस्सा फार आवडतो. १९२१ साली जर्मनीत प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला मासे चालत नव्हते, तेही शिजवलेले. प्राउसनिट्झने क्युस्टनरच्या रक्ताचा द्राव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. ह्याला माशाचं काही वावडं नव्हतं, पण नेमक्या त्या जागी गांध उठली. रक्तात काहीतरी आहे एवढं कळलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई, हे सापडायला १९६०चं दशक उजाडावं लागलं.

शुक्रवारी का नाही आणि रविवारी का? तुझ्याच लिहिण्यात उत्तर आहे, ती गुडघ्याची गोळी. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आतड्याचं अस्तर जरा सैल करतात आणि मास्ट पेशींनाही चिथावतात. एरवी जेवढी कोळंबी शरीर कसंबसं सोसतं, तेवढीच त्या दिवशी उंबरठा ओलांडते. दारू, ताप, जागरण, जेवणानंतर पळापळ, ह्यांचंही तसंच. म्हणून ‘परवा तर खाल्ली होती’ ह्याला काही अर्थ नसतो. गोळीचंही डॉक्टरांना नक्की सांग, कधी कधी गोळीच मूळ दोषी निघते, ते तपासून घ्यावं लागतं.

मासे वेगळे. पापलेट-सुरमईतलं ॲलर्जीचं प्रथिन वेगळं, पार्व्हाल्ब्युमिन. कोळंबी बाधते म्हणून सुरमई बाधेलच असं नाही. कुर्ल्या आणि शेवंड मात्र कोळंबीच्या सख्ख्या बहिणी, त्या बंदच धर. माकूल आणि तिसऱ्या ह्या चुलत घरातल्या, त्यांचं तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

नऊ हजार वाचव. त्यात बहुधा आयजीजी मोजतात, ती आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं, आणि आयजीजी म्हणजे तू ते अन्न खाल्लंयस एवढीच नोंद. तुझ्या रक्तात तांदूळ, नारळ, कोकम सगळं निघेल आणि तू उद्यापासून हवा खाशील.

———

वरणभात_तूप | मंगळवार, सकाळी १०:३०

पेट्रीडिशताई, आता माझं ऐका. मी पुण्याचा, जन्मात अंडंही न खाल्लेला. सर्दी जात नाही म्हणून रक्त तपासलं, आयजीईचंच, आयजीजीचं नव्हे. अहवाल आला: धूळ पॉझिटिव्ह, झुरळ पॉझिटिव्ह, कोळंबी पॉझिटिव्ह. बायकोने कागद वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “ऑफिसच्या सहलीला अलिबागला गेला होतास ना?”

दोन वर्षं झाली. अजून अधूनमधून विषय निघतो.

———

पेट्रीडिश | मंगळवार, दुपारी १:१५

वहिनींना हा धागा दाखवा, तुम्ही निर्दोष आहात! ट्रोपोमायोसिन फक्त कोळंबीत नसतं. गादीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, डस्ट माइट म्हणतात ते. त्यांच्यात असतं, झुरळातही असतं, आणि तिघांचं बरंचसं सारखं असतं. एकाच कुळातली ही सगळी, सांधेवाल्या पायांची. धुळीतल्या किड्याविरुद्ध बनलेली आयजीई कोळंबीलाही चिकटते आणि अहवालात कोळंबी उमटते. २००३ साली ह्यावर एक सुंदर अभ्यास झाला होता. कर्मठ ज्यू लोकांना धर्माने कोळंबी वर्ज्य. जन्मात न खाल्लेल्या अशा लोकांत कोळंबीविरुद्धची आयजीई सापडली. त्यांनाही धुळीची ॲलर्जी होती.

म्हणून चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी नव्हे. कर्नाटकात प्रौढांवर मोठी पाहणी झाली, २०१६ साली छापून आली. कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई होती २६.५ टक्के लोकांत. लक्षणांशी जुळवून पाहिल्यावर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता उरली १.२ टक्क्यांत. आधी गोष्ट, मग चाचणी. तिरफळकडे गोष्ट आहे. तुमच्याकडे फक्त कागद आहे, आणि संशयी बायको.

———

बांगडो | मंगळवार, रात्री ८:४०

म्हापशाहून. मला बांगड्याची ॲलर्जी आहे असं मी समजतो, पण भानगड अशी की दरवेळी होत नाही. गेल्या मे महिन्यात तोंड लालबुंद, डोकं ठणकणं, अंगभर आग. त्या दिवशी माझा भाऊ आणि त्याचा मित्र, दोघांनाही झालं. तिघांनाही एकदम ॲलर्जी कशी होईल? बांगडा जिभेला जरा तिखट, चुरचुरीत लागला होता.

———

रातपाळी | मंगळवार, रात्री ११:१०

बरोबर पकडलंत, एका ताटात जेवलेल्या तिघांना एकदम होते ती ॲलर्जी सहसा नसते. बांगडा, ट्यूना, ह्या लालसर मांसाच्या माशांत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फात नीट ठेवला नाही, मे महिन्याच्या उन्हात टोपलीत राहिला, की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. म्हणजे एरवी मास्ट पेशी जे बाहेर टाकतात ते तुम्ही आयतंच खाल्लंत. तळून, शिजवून ते जात नाही. ती चुरचुर हीच त्याची खूण, पण प्रत्येक वेळी लागेलच असं नाही. मासा बदलू नका, मासेवाली बदला. आणि तरीही एकदा दाखवून या, तुम्हाला एकट्याला झालं तेव्हाचं काय ते ठरवायला हवं.

———

तिरफळ | शनिवार, रात्री १०:०५ (१८ दिवसांनी)

सगळ्यांनी वाट पाहिलीत, काही जणांनी व्यक्तिगत निरोपही पाठवले, आभार. ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी आधी एक तास नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी येताना कोळंबी घेऊन या. एक कच्ची, एक उकडलेली, वेगवेगळ्या डब्यांत, आणि माकूल, तिसरी, पापलेटचा तुकडाही. खाजेच्या गोळ्या त्याआधी काही दिवस बंद. मी घरातून निघाले ती अशी, पर्समध्ये पाच डब्या. लोकलमध्ये शेजारची बाई नाक मुरडून दुसरीकडे बसली.

सुई कोळंबीत टोचायची आणि तीच सुई हाताच्या कातडीला जराशी टेकवायची, रक्तही येत नाही. पेनाने नंबर घातले होते. पंधरा मिनिटं हाताकडे बघत बसले. पापलेटच्या जागी काहीच नाही, जणू सुई लागलीच नव्हती. माकुलाला बारीकशी पुटकुळी. आणि कोळंबीला, उकडलेलीला सुद्धा, गांध फुगत गेली, तिला कडेने पाय फुटले. पट्टीने मोजली, ९ मिलिमीटर. नुसत्या पाण्याच्या थेंबापेक्षा ३ जास्त भरलं तरी होकार धरतात म्हणे. अकरा वर्षं जिला हाताने सोललं तिने हातावर सही केली.

धुळीचीही निघाली. गोळीचं त्यांनी वेगळं टिपून घेतलंय, तोवर ती जात बंद, गुडघ्याला दुसरं औषध. फाइलीवरचं आयोडीन त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडलं. सुरमई-पापलेट चालू, पण घरचीच. बाहेर कोळंबी आणि सुरमई एकाच तव्यावर, त्याच तेलात, त्याच रव्यात घोळवून तळतात, हे मला कोणी सांगायला नको, मीच तळायचे. पाकिटांवर कवचवाल्या जलचरांचा उल्लेख करणं आता कायद्याने बंधनकारक आहे, तो वाचायची सवय लावतेय. एका तयार नूडल्सच्या मसाल्यात कोळंबी निघाली, मुलगी आठवड्यातून दोनदा माझ्याच गॅसवर उकळत होती.

डॉक्टर रातपाळी, कुपी आणि सिरिंजा एका जुन्या चष्म्याच्या डबीत घालून फ्रिजवर ठेवल्यात, आणि मुलीने संत्र्यावर सराव केला. संत्री संपली.

शिजवण्याचं विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं, खाण्याइतकंच तुमच्या बाबतीत वाफ आणि भाजण्याची धूळ वाईट, छातीत घरघर झालेली आहे. स्वयंपाकघरात कोळंबी नको. घरी येताना डोंबिवलीला उतरलेच नाही, ठाकुर्लीपर्यंत माझं मन पस्तीसातून पंचवीस वजा करत होतं.

गेल्या बुधवारपासून डब्यात कोळंबी नाही. बांगड्याचं तिखलं, पेडव्याचं सुकं, मोरीचं मटण, बोंबील. सात गिऱ्हाईकं गेली. त्यातल्या तिघांना मीच कल्याणच्या एका बाईचा नंबर दिला, तिचा हात चांगला आहे, वाटप जरा जास्त भाजते. माकुलाबद्दल बाई म्हणाल्या, सध्या थांबा, मग त्यांच्यासमोर बसून खाऊन बघू.

सासूबाई पहिले चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी उठून बघते तर माळ्यावरची सुकटीची बरणी नाही. वेंगुर्ल्याहून दर मे महिन्यात स्वतः वाळवून आणतात, त्यांच्या जीवापाड. म्हटलं, आई, बरणी कुठेय? म्हणाल्या, “शेजाऱ्यांकडे दिलंय ठेवूक. माका खावची वाटली तर थंय जावन खायन. तू थंय येव नको.” तेव्हापासून रोज दुपारी जेवायला वाडगा घेऊन शेजारी जातात, हात-तोंड साबणाने धुऊन परत येतात.

आता माझ्याकडून एक. घरात दोन किलो सोडे आहेत, ह्याच मेचे, खडखडीत उन्हात वाळवलेले, एकही काळा नाही. बाजारभाव माहीत असेल त्याला किंमत कळेल, पण मला पैसे नकोत. डोंबिवली पूर्वेला कोणी राहत असेल तर निरोप टाका आणि उद्या अकराच्या आत घेऊन जा. पिशवी सासूबाई खाली आणून देतील, मी दारात येणार नाही. चार तास कोमट पाण्यात भिजवा, त्या पाण्यासकट वांग्यात घाला, आणि तिरफळं ठेचून, अख्खी नाही.